पुढच्या जन्मी परकेच असलेलं बरं

वटपौर्णिमेला धाकट्या बहिणीकडे कोथरूडला गेले होते. ती वडाला सूत गुंडाळून, पूजा करून नुकतीच घरात शिरत होती. माझी भाची, सोळा वर्षांची, अकरावीला गेलेली, दिवाणावर पाय पोटाशी घेऊन फोनवर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत बसली होती. बहिणीने सहज विचारलं, काय वाचतेस गं एवढं? तिने जपानी नाव सांगितलं, "रायसे वा तानिन गा ई". घरात जपानी मलाच येतं, म्हणून अर्थ मी सांगितला. पुढच्या जन्मी परकेच असलेलं बरं.

बहीण हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. सात जन्म हाच नवरा मिळू दे म्हणून अर्ध्या तासापूर्वी हात जोडून आलेली बाई ती. "म्हणजे, कुणाची गोष्ट आहे?" भाची म्हणाली, "याकुझांच्या घरात राहणाऱ्या एका शाळेतल्या मुलीची. लव्हस्टोरी आहे. विनोदी आहे, आई." याकुझा म्हणजे जपानी गुंडांच्या टोळ्या, हे बहिणीला ठाऊक होतं. तिने ताट देवघरात ठेवलं आणि फोन मागून घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तू सांग. हे वाचू द्यावं का हिला?"

त्या दिवशी माझं उत्तर अर्धवट राहिलं, कारण जेवायला पाहुणे आले. पूर्ण उत्तर इथे लिहिते आहे. बहीण वाचेल, आणि ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्यांच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

हा मांगा आसुका कोनिशी या लेखिकेचा. 'आफ्टरनून' मासिकात २०१७ पासून येतो आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, आली. आफ्टरनून हे मोठ्यांचं मासिक आहे, शाळकरी मुलींचं नाही, हे आधीच सांगते. नायिका सोमेई योशिनो सतरा वर्षांची, ओसाकात आजोबांच्या घरात वाढलेली. आजोबा टोळीचे प्रमुख. तोक्योतल्या तशाच एका प्रमुखाच्या नातवाशी, मियामा किरिशिमाशी, दोन्ही म्हाताऱ्यांनी परस्पर तिची सोयरीक ठरवली आहे. त्या मुलाची ओळख व्हावी म्हणून तिला तोक्योला त्या घरी राहायला आणि तिथल्या शाळेत शिकायला पाठवलं जातं. मुलगा दिसायला देखणा, बोलायला गोड, दार उघडून देणारा, पिशवी उचलून घेणारा. वाचणाऱ्यालाही वाटतं, चला, बरं झालं.

आणि मग तो एक दिवस त्याच गोड आवाजात तिला सांगतो की तू मला वाटली होतीस तशी निघाली नाहीस, कंटाळवाणी आहेस. पुढे तो तिची किंमत पैशात काढणारं एक वाक्य बोलतो. ते मी इथे लिहिणार नाही, पण ते वाचताना माझ्या कानशिलात गरम झालं होतं.

योशिनो आजोबांना फोन करते. घरी यायचं म्हणते. आजोबांचं म्हणणं असं की एक वर्ष तिथेच राहा, त्याला स्वतःच्या प्रेमात पाड आणि मग सोडून ये. फोन ठेवल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते रडू नाही. काही दिवस ती दिसेनाशी होते. परत येते ती नोटा घेऊन. चाळीस लाख येन. स्वतःची एक किडनी विकून आणलेले. ते पैसे ती त्याच्यापुढे टाकते आणि त्याला सुनावते.

हा मुलगा त्या क्षणी तिच्यावर जीव टाकायला लागतो. गोष्टीतली 'रोमँटिक कॉमेडी' इथून सुरू होते.

माझ्या बहिणीला हे एवढंच सांगितलं असतं तर तिने फोन कपाटात कुलूप लावून ठेवला असता. मीही पहिल्यांदा वाचताना पुस्तक बाजूला ठेवून दिलं होतं. किडनी विकणं हा जपानमध्येही गुन्हा आहे, १९९७ च्या अवयवरोपण कायद्याने तिथे अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. सतरा वर्षांच्या मुलीने एका मुलाला उत्तर देण्यासाठी पोट फाडून घ्यावं, आणि ते आपण विनोदी गोष्ट म्हणून वाचावं? दोन दिवस मी त्यावर विचार करत होते.

मग ते पान पुन्हा उघडलं. त्या पानावर किरिशिमा योशिनोकडे बघत असतो, पण योशिनो त्याच्याकडे एखाद्या नायिकेसारखी बघत नाही. त्याने प्रेमात पडावं म्हणून तिने ते केलेलं नाही. ती त्याचं देणं त्याच्या तोंडावर फेकून मोकळी झालेली आहे. तू माझी किंमत काढलीस ना, ही घे, आणि आता माझ्याकडून तुला काही येणं नाही. माझ्या आजीच्या भाषेत, कुणाचा शब्द अंगावर ठेवून घ्यायचा नाही. आजीने आयुष्यभर अशीच देणी फेडली, भावकीतल्या लोकांच्या तोंडावर. तिच्याकडे विकायला पाटल्या होत्या, एवढाच फरक.

मला हे शहाणपणाचं वाटतं असं नाही. मला ते भयंकर वाटतं. पण ज्या घरात माणसं करंगळीचं पेर कापून माफी मागतात, त्या घरात वाढलेल्या मुलीला अपमानाचं उत्तर म्हणून दुसरं काय सुचणार? आपल्या शरीरातून काहीतरी काढून समोर ठेवणं हीच तिने लहानपणापासून पाहिलेली भाषा. कोनिशीबाईंनी हे कुठे समजावून सांगितलेलं नाही. सांगितलं नाही म्हणूनच ते खरं वाटतं. टोळीत वाढल्याने मुलगी 'कूल' होत नाही, तिच्या आत काहीतरी वाकडं वाढतं, आणि त्या वाकडेपणातच तिची ताकदही असते. दोन्ही एकाच वेळी दाखवणारा दुसरा मांगा या प्रकारात मी पाहिलेला नाही.

आणि हा प्रकार जपानमध्ये जुना आहे. आकागावा जिरो यांची १९७८ ची कादंबरी आहे, शाळेच्या गणवेशातल्या मुलीला अचानक एका छोट्या टोळीचं प्रमुखपद सांभाळावं लागतं अशी. तिच्यावर १९८१ मध्ये आलेला सिनेमा खूप गाजला. तेव्हापासून गणवेश घातलेली पोरगी आणि तिच्यापुढे वाकून उभे असलेले गोंदलेले बाप्ये हे चित्र जपानी वाचकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. त्याची गोडी मला कळते. सकाळी न्याहारीच्या वेळी दहा आडदांड पुरुष काळ्या सुटात ओळीने बसलेत, आणि "ओजो, डबा राहिला" म्हणून त्यांतला एक धावत मागून येतोय. ओजो म्हणजे आपल्याकडचं 'ताईसाहेब' म्हणा. ज्यांना बघून सगळा बाजार बाजूला होतो ती माणसं एका मुलीच्या परीक्षेच्या निकालाला घाबरतात. एकट्या पडलेल्या कुठल्याही मुलीला असं घर हवंसं वाटेल. मलाही वाटलं असतं त्या वयात.

आता भाषेबद्दल. माझ्यासाठी या मांगाचा जीव तिथे आहे.

योशिनो ओसाकाची आहे आणि ती तोक्योत येऊनही ओसाकाचीच बोली बोलते. जपानमध्ये ही काही छोटी गोष्ट नाही. तोक्योची भाषा म्हणजे शाळेची, बातम्यांची, कचेरीची. ओसाकाची म्हटलं की लोकांना विनोदी कलाकार आठवतात, बाजारातले दुकानदार आठवतात, आणि सिनेमामुळे गुंडही आठवतात. म्हणजे या मुलीने तोंड उघडलं की तोक्योतल्या वर्गात ती कोण आहे ते लगेच कळणार. तरी ती बदलत नाही.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायकाही "मी जातो", "मी आलो" म्हणतात. पुण्यात शिकायला आले तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "मी जेवून आलो." समोरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नंतर एका क्लासमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी भर वर्गात मला "मी आले" असं तीन वेळा म्हणायला लावलं. मी म्हटलं, तीन वेळा. त्यानंतर चार वर्षं मी पुण्यात "आले, गेले"च म्हणत राहिले, आणि कोल्हापूरला स्टँडवर उतरलं की "आलो". आई म्हणायची, तुझ्या तोंडात दोन जिभा झाल्यात. आजही ही पोस्ट मी "गेले", "आले" असंच लिहिते आहे.

पुढे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला जपानी शिकले, आणि आता चाकणला दुभाषी म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्या जपानी साहेबांपैकी एक ओसाकाकडचे होते. मीटिंगमध्ये इतकी स्वच्छ तोक्योची भाषा की मला कधी शंका आली नाही. एकदा प्रेसवर डाय अडकला, सगळी लाइन थांबली, आणि ते मशीनजवळ वाकून स्वतःशीच पुटपुटले, "आकान." म्हणजे गेलं कामातून. तोक्योचा माणूस 'दामे' म्हणेल. मग मागे वळले, मी उभी आहे हे पाहिलं आणि लगेच "दामे देसु ने" म्हणून सुधारलं. मला त्या क्षणी हॉस्टेलची मेस आठवली. मी त्यांना काही बोलले नाही, पण त्यानंतर आम्हा दोघांचं चांगलं जमलं.

म्हणून योशिनो तोक्योच्या त्या मोठ्या घरात, होणाऱ्या नवऱ्याच्या घरच्यांसमोर, आपल्या बोलीत बिनधास्त भांडते तेव्हा मला जे होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. भाषांतरात ही बोली पुरती उतरत नाही, त्यामुळे भाचीला ते कळणार नाही याचं वाईट वाटतं. मी मराठीत केलं तर तिला कोल्हापुरी देईन. "काय करायलईस रं तू" असं विचारणारी योशिनो मला अगदी समोर दिसते.

नावांची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. यातल्या बहुतेक माणसांची नावं झाडाफुलांची आहेत. सोमेई योशिनो हे जपानमधल्या सगळ्यात जास्त लावलेल्या चेरीचं नाव. एप्रिलमध्ये टीव्हीवर जी गुलाबी-पांढरी झाडं दिसतात, त्यांतली बहुतेक हीच. सोमेई हे जुन्या एदो शहराजवळचं, म्हणजे आजच्या तोक्योतल्या कोमागोमे भागातलं, माळ्यांचं गाव. तिथल्या माळ्यांनी ही जात वाढवली आणि विकताना नाव वापरलं योशिनोचं. योशिनो हा ओसाकाच्या जवळ, नारा प्रांतातला डोंगर, शेकडो वर्षं चेरीसाठी प्रसिद्ध. म्हणजे नाव कानसाईच्या, ओसाका-नाराकडच्या, डोंगराचं आणि झाड तोक्योत वाढलेलं. ओसाकातून तोक्योला आणून लावलेल्या मुलीला लेखिकेने हे नाव दिलं आहे. आणखी एक गोष्ट, ही सगळी झाडं कलम करूनच वाढवतात, बीपासून नाही, त्यामुळे ती एकाच झाडाच्या प्रती असतात आणि एका भागातली सगळी एकदमच फुलतात. आजोबांच्या घराण्याची कलम असलेली मुलगी, असंही वाचता येतं ते. मियामा किरिशिमा ही दक्षिणेकडच्या क्युशू बेटाच्या ज्वालामुखी डोंगरांवर वाढणारी फुलझाडाची जात, जिथे दुसरी झाडं टिकत नाहीत अशा राखेच्या जमिनीवर तग धरणारी. योशिनोचा पाठराखा तोरिआशी शोमा, त्याचंही नाव एका रानफुलाचं. गुंडांच्या गोष्टीला एवढी फुलं मुद्दाम लावली आहेत.

बहिणीचा खरा प्रश्न वेगळा होता. गुंडांचं उदात्तीकरण होतं का?

आज जपानमध्ये याकुझा ज्या अवस्थेत आहेत ते पाहिलं तर मांगातलं ते तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, हॉलचं मोठं घर जवळजवळ आठवणीतलंच म्हणायला हवं. १९६३ च्या सुमारास त्यांची संख्या १,८४,००० च्या घरात होती. २०२४ च्या अखेरीस पोलिसांच्या आकडेवारीत ती वीस हजारांच्याही खाली आली, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढचे. १९९२ पासून टोळीविरोधी कायदा लागू झाला, आणि २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्या ४७ प्रांतांत असे नियम आले की सामान्य धंदेवाल्यांनीही त्यांच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. बँकेत खातं मिळत नाही. भाड्याने घर मिळत नाही. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं तोच शिक्का राहतो. ज्याचं स्वतःचं खातं नाही तो मुलांच्या शाळेची फी कुठून भरणार? खऱ्या योशिनोच्या वाट्याला आज हे प्रश्न येतील. मांगात याची झळ फारशी लागत नाही, आणि ती मला त्यातली मोठी उणीव वाटते. खंडणी, कर्जवसुली, नशेचा धंदा यांनी उद्ध्वस्त झालेली माणसं त्या घराच्या फाटकाबाहेर कुठेतरी असतात, ती पानांवर येत नाहीत.

दुसरी तक्रार किरिशिमाबद्दल. त्याची क्रूरता लेखिकेला कधी कधी फार आवडते असं वाटतं. मारामारीच्या पानांवर पेन जरा जास्त रेंगाळतं. तो योशिनोच्या मागे लागतो, पाळत ठेवतो, आणि तिथे आपण हसावं अशी मांडणी असते. मला तिथे हसू येत नाही.

पण एका गोष्टीसाठी मी या मांगाच्या बाजूने कुणाशीही वाद घालीन. तो हा मुलगा चांगला आहे असं कधीच सांगत नाही. प्रेमामुळे तो सुधारतोय असंही नाही. योशिनोला तो धोकादायक आहे हे पक्कं ठाऊक असतं, आणि वाचणाऱ्या मुलीलाही ते ठाऊक राहतं. हे महत्त्वाचं अशासाठी, की याच प्रकारातला दुसरा एक लोकप्रिय मांगा आहे, 'ओजो तो बानकेनकुन', म्हणजे ताईसाहेब आणि राखणीचा कुत्रा, २०१८ पासूनचा, त्याचीही २०२३ मध्ये ॲनिमे आली. त्यात टोळीप्रमुखाची नात पंधरा वर्षांची, आणि तिचा रखवालदार सव्वीस वर्षांचा. आई-वडील गेल्यावर ती लहान असल्यापासून त्यानेच तिला सांभाळलेलं. ती नव्या शाळेत जाते तर हा वय लपवून त्याच शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल होतो. चित्रं सुरेख, गुलाबी, नाजूक. तिथे कुणी कुणाला मारत नाही फारसं. आणि मला तो मांगा शंभर पटीने जास्त त्रासदायक वाटतो. ज्याने डबा भरून दिला, ताप आल्यावर उशाशी बसला, तो माणूस पंधरा वर्षांच्या मुलीचा प्रियकर कसा होऊ शकतो? सांभाळणाऱ्यावर मुलीचा जो विश्वास असतो तोच तिथे प्रेम म्हणून विकला जातो, आणि तो गोड दिसतो म्हणून आयांना शंका येत नाही. पहिल्या मांगाच्या मुखपृष्ठावर गोंदण दिसलं की आपण फोन काढून घेतो, दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर फुलं दिसली की राहू देतो. हे उलटं व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बहिणीला मी संध्याकाळी फोन करून एवढंच सांगितलं की बारा-तेरा वर्षांच्या मुलीला देऊ नकोस, पण हिला वाचू दे, आणि तूही वाच. तिच्याशी बोल. किडनीचं पान आलं की तिला विचार, तू असतीस तर काय केलं असतंस.

काल रात्री साडेदहाला बहिणीचा फोन आला. भाचीने तिला उजवीकडून डावीकडे चौकटी कशा वाचायच्या ते शिकवलं होतं, पहिला भाग संपवून दोघी दुसऱ्यावर आल्या होत्या. मागून भाचीचा आवाज येत होता, आई, स्पॉइलर विचारू नकोस मावशीला. बहीण हळू आवाजात म्हणाली,

"ताई, एवढंच सांग. तिच्या आजोबांना कळतं का गं नंतर, तिने काय विकलंय ते?"